गाडीत जोशातली गाणी लावली की नकळत वेग वाढतो, हे खरं आहे का?

हो, वाढतो. आणि तुम्ही म्हणता तसा नकळतच वाढतो, म्हणून जास्त धोक्याचा. आता गाडी पळवू या, असं कोणी ठरवत नाही. रस्ता मोकळा असतो, गाणं कडव्यावरून पुन्हा ध्रुवपदावर येतं, ड्रम्स उसळतात, बोटं स्टिअरिंगवर ठेका धरतात आणि त्याच भरात उजवा पाय थोडा जास्त दाबला जातो. गाणं संपेपर्यंत काटा ८० वरून १०० वर गेलेला असतो. शेजारी बसून मी हे अनेकदा पाहिलं आहे.

वॉरन ब्रॉड्स्की या इस्रायली संशोधकाचे सिम्युलेटरवरचे, म्हणजे पडद्यावर आभासी गाडी चालवण्याचे, प्रयोग २००१-०२ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. मिनिटाला ४० ते ७०, ८५ ते ११० आणि १२० ते १४० ठोके अशा तीन लयींचं संगीत लावून लोकांना गाडी चालवायला दिली होती. लय वाढली तसा वेग वाढला; लाल सिग्नल तोडणं, लेन सोडणं, धडका, हेही वाढलं. तेव्हा गाणं कुठल्या प्रकारचं आहे यापेक्षा त्याची लय बघा.

आवाजाकडे मात्र फारसं कोणी लक्ष देत नाही, आणि मला तो तितकाच घातक वाटतो. वेगाचा अंदाज आपण नुसता डोळ्यांनी घेत नाही. इंजिनची घरघर, टायरचा आवाज, काचेवर आदळणारा वारा, हे सगळं कानावर पडत असतं. मोठ्या आवाजात ते बुडून जातं आणि वेग आहे त्यापेक्षा कमी वाटायला लागतो.

८० चे १०० झाले तर काय बिघडलं, असं पुष्कळांना वाटतं. ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे इथे ते दीडपटीहून जास्त होतं. १०० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. गाणं बदलायला दोन सेकंद स्क्रीनकडे पाहिलंत, तर तेवढ्यात ५५ मीटर रस्ता न बघताच मागे पडला.

गाणी बंद करा असं मी म्हणणार नाही, लांबच्या प्रवासात मलाही ती लागतात. यादी निघण्याआधीच लावून ठेवा. गाण्याचे ठोके १५ सेकंद मोजून चारने गुणा. १२० च्या वर गेलं तर ते गाणं घरी ऐका. आवाज इतकाच ठेवा की इंडिकेटरची टिकटिक स्पष्ट ऐकू येईल. आणि तुम्ही शेजारी बसला असाल, काटा चढताना दिसला, तर "हळू चालव" म्हणून वाद घालण्याआधी आवाज कमी करून बघा. बहुतेक वेळा पाय आपोआप सैल पडतो.