वाचक विचारतात : बोलका रोबो आणि एकटं मूल

प्रश्न : नात ९ वर्षांची, आमच्याकडे गुहागरला असते. मुलगा-सून मुंबईला. गणपतीत मुलाने बोलका रोबो आणला. शाळेतून आली की दप्तर टाकून ती त्याच्याशीच बोलत बसते. झोपताना तो म्हणतो, ‘तू गेलीस की मला करमत नाही.’ लाइट गेली, नेट गेलं की तो गप्प होतो आणि ही रडते. काढून घेऊ का? – एक आजी

उत्तर : आजी, एकदम काढून घेऊ नका, आणि ‘खेळण्यासाठी काय रडतेस’ असंही म्हणू नका. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ९, १२ आणि १५ वर्षांच्या ९० मुलांसमोर रोबोव्ही नावाचा रोबो ‘नको’ म्हणत असताना त्याला कपाटात बंद केलं. निम्म्याहून जास्त मुलांना ते चुकीचं वाटलं. नातीची माया खरी आहे. तिला खोटं सांगायचं नाही, एवढं आपल्या हातात आहे.

‘तो झोपलाय’, ‘रुसलाय’ असं सांगू नका. दुपारी रोबो चार्ज करून तिच्यासमोर राउटरचा (घरात नेट पुरवणाऱ्या डबीचा) प्लग काढा आणि तिलाच प्रश्न विचारू द्या. तिचा आवाज माइकमधून राउटरवाटे कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे दूरच्या संगणकावर, जातो, उत्तर बहुधा तिथेच तयार होतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पावसात तो गप्प झाला तरी ती स्वतःला दोष देणार नाही.

आता ते ‘करमत नाही’. या वाक्यावर आमचा ठाम आक्षेप आहे. यंत्राला करमणं-न करमणं नसतं. लहान मुलाचा पाय मात्र अशा बोलण्याने अडतो. रोबोला तीन वाक्यं तुम्ही स्वतः बोलून बघा : ‘मी खेळायला जाते’, ‘हे आजीला सांगू नको’, ‘शाळेत मला एकजण मारतो’. त्याने खुशाल जा म्हणावं, गुपित ठेवायला नकार द्यावा, मोठ्या माणसाला लगेच सांग म्हणावं. एकातही चुकला तर ॲपमधून गप्पा बंद करा, गोष्टी आणि कोडी तेवढी ठेवा. तशी सोय नसेल तर मुलाला परत न्यायला सांगा.

जागा ओटीवर, वेळ संध्याकाळी अर्धा तास. निजायच्या खोलीत नको. रात्री मागचं बटण दाबून पूर्ण बंद करा. शेजारच्या फोनवरून ब्लूटूथ जोडून बघा. पासवर्ड न मागता जोडला गेला तर तो घरात ठेवू नका. नेमक्या याच उणिवेमुळे जर्मनीत फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘माय फ्रेंड केयला’ या बोलक्या बाहुलीवर बंदी आली.

आणि मुलाला सांगा, निजायच्या आधीची दहा मिनिटं फोन त्याचा. रोबो शिरलाय तो त्याच रिकाम्या वेळेत.

प्रश्न : मुलगा मोठा झाला. त्याचा रोबो भाचीला द्यायचाय. काय पुसावं? – देवगड

उत्तर : क्रम महत्त्वाचा. आधी ॲपमधली रेकॉर्डिंग आणि फोटो काढा, मग खातं बंद करा, शेवटी फॅक्टरी रीसेट, म्हणजे रोबोतलं सगळं पुसून तो नव्यासारखा करणं. नुसत्या रीसेटने सर्व्हरवरचं काही जाईलच असं नाही. भाचीच्या आईला हेही सांगा की कंपनी बंद पडली तर असा रोबो मुका होऊ शकतो. लहान मुलांसाठीच्या ‘मॉक्सी’ रोबोची कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये गुंडाळली, तेव्हा मुलांना कसं समजवायचं याचं पत्र पालकांना द्यावं लागलं होतं. रीसेटचं बटण दाबण्याआधी मुलाला विचारा. निरोप घ्यायचा असेल तर घेऊ द्या.