प्रिंटरमधून आलेलं चित्र ‘खरं’ असतं का?

(वाचकांचे प्रश्न, छापचित्रकाराची उत्तरं)

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच विषयावरची, म्हणजे डिजिटल छापचित्रांवरची निघाली. म्हणून इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून या चारांनाच उत्तर देते आहे.

प्रश्न : मी देवगड तालुक्यातल्या शाळेत चित्रकला शिकवतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी टॅबवर चित्रं काढून चांगल्या कागदावर त्यांचे प्रिंट घेते. गेल्या वर्षी तिनं एका प्रदर्शनाच्या छापचित्र विभागात प्रवेशिका पाठवली. ‘हे बटण दाबून काढलेलं आहे’ असं सांगून ती परत केली. मुलगी फार खचली आहे. तिला काय सांगू?

उत्तर : सर, तिला म्हणावं, बटण दाबण्याआधी तू काय काय केलंस ते एका कागदावर लिहून काढ. उत्तर त्यातच आहे.

मी मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात अम्लरेखन (एचिंग) शिकले. जस्ताची प्लेट, तिच्यावर मेणाचा थर, त्यावर सुईनं ओढलेली रेघ आणि मग नायट्रिक ॲसिडची ताटली. रेघेवर बुडबुडे धरायचे ते कोंबडीच्या पिसानं हळूच बाजूला सारायचे. रेघ किती खोल गेली ते त्या बुडबुड्यांवरूनच कळायचं. शेवटी प्लेट प्रेसखाली घालून चाक फिरवलं की ठसा उमटायचा. तो शेवटचा क्षण यंत्राचाच होता, पण आमच्या कामाला ‘चाक फिरवून काढलेलं’ असं कुणी म्हटलं नाही. चाकाआधीची मेहनत सगळ्यांना दिसत होती. टॅबवरची दिसत नाही, एवढाच फरक.

तीन वर्षांपूर्वी मी आमच्या वेंगुर्ल्याच्या घरामागचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, डिजिटल छापात करायला घेतला. मृगाच्या पहिल्या सरीनंतर भिजलेला जांभा, त्याच्या भोकांत धरलेलं शेवाळ. पडद्यावर लाल अगदी मनासारखा आला. कागदावर मात्र तो वाळलेल्या विटेसारखा मेला. पडद्यावरच्या रंगाला आतून उजेड असतो, कागदाला तो खोलीतून उसना घ्यावा लागतो. शिवाय प्रत्येक कागद शाई वेगळी पितो. म्हणून कागदागणिक रंगाचं वेगळं प्रोफाइल, म्हणजे त्या कागदाला जुळणारं रंगांचं माप, लागतं आणि तरीही डोळ्यानं सुधारावं लागतं. चकचकीत कागदावर लाल उजळला, पण दगड प्लास्टिकचा वाटू लागला. म्हणून ३०८ जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०८ ग्रॅम वजनाच्या) सुती कागदावर गेले. तिथं काळा मऊ पडला. सातव्या प्रुफाला, म्हणजे चाचणीच्या छापाला, मी लालाला हातच लावला नाही, भोकांतला काळा थोडा कमी केला, आणि लाल आपोआप वर आला. हे निर्णय प्रिंटरनं घेतले नाहीत. आणि या चित्राचं ‘मूळ’ दुसरीकडे कुठं नाही. ते जन्मलं त्या सुती कागदावरच.

परीक्षकांचा संशय अगदीच निराधार आहे असं मात्र मी म्हणणार नाही. छपाई दोन वेगळी कामं करते आणि गोंधळ तिथं होतो. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथं शिळाछापावर, प्रत्येक रंगाला वेगळा दगड घेऊन, त्यांच्या तैलचित्रांच्या प्रती निघाल्या. माझ्या आजोळी देव्हाऱ्याशेजारी अशीच एक लक्ष्मी होती आणि माझं चित्रांचं वेड तिच्यापासूनच सुरू झालं. तरी ती तैलचित्राची प्रत होती. आज कॅनव्हासवरचं चित्र स्कॅन करून छापणं म्हणजे तेच काम. ते वाईट नाही, पण ते छापचित्र नव्हे. तुमच्या विद्यार्थिनीचं चित्र मात्र छापण्यासाठीच घडलेलं आहे, आणि हा फरक तिनं प्रवेशिकेत दोन ओळींत लिहायला हवा.

या माध्यमाला इतिहास नाही असं तिला कुणी सांगितलं तर तेही खरं नाही. १९६५ साली जर्मनीत स्टुटगार्टला गेओर्ग नेस यांनी संगणकानं आखलेली रेखाचित्रं प्रदर्शनात मांडली. तेव्हा शाई फवारणारे प्रिंटर नव्हते, यंत्राच्या हातात पेन असायचं. १९९१ मध्ये संगीतकार आणि छायाचित्रकार ग्रॅहम नॅश यांनी मॅक होल्बर्ट यांच्याबरोबर कॅलिफोर्नियात फक्त डिजिटल छपाईसाठी स्टुडिओ काढला. त्यांनी घेतलेलं शाई फवारणारं आयरिस यंत्र खरं तर ऑफसेटच्या छपाईआधी रंग तपासायला बनवलेलं होतं, किंमत सव्वा लाख डॉलर. जाड कागद त्यात चालावा म्हणून त्यांना यंत्रातच फेरफार करावे लागले. ते यंत्र आता वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात आहे. नॅश यांच्या स्टुडिओतल्याच जॅक ड्युगन यांनी ‘जिक्ले’ हा शब्द काढला, फवारणं या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून, कारण ‘कॉम्प्युटर प्रिंट’ म्हटलं की लोक नाक मुरडत. म्हणजे तिला आलेला अनुभव नवा नाही. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी २०११ चा वसंत आयपॅडवर काढला आणि त्यातली ५१ चित्रं मोठ्या कागदांवर छापून २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत लावली.

पुढच्या वेळी तिनं अंतिम प्रिंटबरोबर दोन फसलेली प्रुफंही पाठवावीत. आणि सर, त्या प्रवेशिकेची एक प्रत मला पाठवायला सांगा. मला ती मनापासून पाहायची आहे.

प्रश्न : रत्नागिरीच्या एका प्रदर्शनातून मी बंदराचं एक डिजिटल छापचित्र घेतलं. खाली पेन्सिलीनं ४/२५ लिहिलेलं आहे. मुलगा म्हणतो, ‘बाबा, फाइल आहे म्हटल्यावर तो हजार काढेल.’ माझी फसवणूक झाली का?

उत्तर : काका, तुमच्या मुलाचा प्रश्न बरोबर आहे. ४/२५ म्हणजे पंचविसांतली चौथी प्रत. जुन्या पद्धतीत आवृत्ती संपली की प्लेटवर आडवा ओरखडा मारून ती रद्द करत. तांब्या-जस्ताची प्लेट झिजतेही. फाइल झिजत नाही आणि ती पुसली हे कुणी सिद्धही करू शकत नाही. त्यामुळं इथं सगळं चित्रकाराच्या शब्दावर चालतं, आणि म्हणूनच तो शब्द लेखी हवा. चित्रकाराकडून सहीचं प्रमाणपत्र मागा. त्यात आवृत्तीची संख्या, कागद, शाई, आकार आणि छापल्याची तारीख हवी. एक प्रश्न आवर्जून विचारा: हीच फाइल दुसऱ्या आकारात, दुसरी आवृत्ती म्हणून निघणार आहे का? पळवाट बहुतेक वेळा तिथंच असते.

माझ्याकडे लाल कापडी बांधणीची एक वही आहे. कुठली प्रत कुणाकडे गेली, कधी गेली, सगळं त्यात आहे. कुणी घरी येऊन पाहायला मागितली तर मी दाखवते. ज्यांच्याकडे अशी वही नाही त्यांनी खाली आकडे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. कॅनव्हासवर प्रिंट घेऊन वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारायचे आणि ‘हाताचं काम’ म्हणून विकायचं, हा प्रकार तर मला सहनच होत नाही.

प्रश्न : गुहागरला आमचं घर समुद्रासमोर आहे. भिंतीवरच्या प्रिंटवर दोन पावसाळ्यांत तांबूस ठिपके आले आणि आकाशाचा रंगही उतरला. काय करू?

उत्तर : ताई, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. ठिपके दमटपणाचे. प्रिंट काचेला चिकटलेला असणार, शिवाय मागून भिंतीची ओल येते. काच आणि कागद यांच्यामध्ये आम्लमुक्त माउंटचं (पुठ्ठ्याच्या चौकटीचं) अंतर ठेवा, आणि फ्रेमच्या मागच्या चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे वारा खेळेल. मृग लागण्याआधी चित्र उतरवून आतल्या खोलीत कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा आणि नवरात्रानंतर पुन्हा लावा. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, ओल आतच कोंडते. कसरही पाहत चला.

रंग उतरला तो बहुधा शाईमुळं. डाय शाई पाण्यात विरघळलेली असते. ती उजेडानं आणि हवेनं लवकर विटते. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात, ते कितीतरी जास्त टिकतात. २००० च्या सुमाराला पिगमेंटचे प्रिंटर बाजारात आले, पण त्याआधी आणि नंतरही पुष्कळ काम डायमध्येच निघालं. माझंही निघालं. मुंबईतल्या एका छपाईवाल्याकडून काढून घेतलेला माझा प्रिंट मी मालवणच्या एका डॉक्टरीणबाईंना विकला होता. पाच वर्षांनी त्यांच्या दिवाणखान्यात पाहिला तेव्हा संध्याकाळचा सगळा गुलाबी उडून गेला होता. त्या एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. मी तो उतरवून नेला आणि पिगमेंटमध्ये नवा काढून दिला. वहीत त्या नोंदीपुढं जुनी प्रत फाडल्याचं लिहिलं आहे. तुम्हीही तुमच्या चित्रकाराला कळवा, संकोच करू नका.

प्रश्न : मी कुडाळचा. पिंगुळीच्या जुन्या चित्रकथी पोथ्यांतली चित्रं स्कॅन करून सुती कागदावर छापायची आणि पर्यटकांना ‘जिक्ले कलाकृती’ म्हणून विकायची कल्पना आहे. सोबत एक नमुना पाठवत आहे.

उत्तर : नमुना सुंदर छापला आहे, शाई आणि कागद दोन्ही योग्य. पण ही प्रत आहे, आणि प्रतीवर ‘प्रतिकृती’ असंच छापायला हवं. ठाकर समाजातल्या घरांनी ही चित्रं पिढ्यान् पिढ्या सांभाळली, ती समोर धरून कथा सांगितली. पिंगुळीच्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. आधी पिंगुळीला जा, ज्या घरची पोथी आहे त्या घरात बसून बोला. परवानगी आणि विक्रीतला वाटा, दोन्ही कागदावर घ्या. ते नाही म्हणाले तर विषय तिथंच सोडा. हो म्हणाले तर चित्रामागं कथेचं आणि त्या घराचं नाव छापा. नमुना पोस्टानं परत पाठवला आहे.