निपाणीत हॉइसिन मिळत नाही, ओटीजी लहान, जेवायला आठ माणसं: चायनीज बार्बेक्यू चिकन घरी कसं करायचं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रविवारी रात्री घरात आठ माणसं जेवायला आहेत. पोरांना हॉटेलात खाल्लेलं ते लाल, चकचकीत, गोडसर चिकन हवंय. सासूबाईंना तिखटाशिवाय घास उतरत नाही, सासरे माळकरी. हॉइसिन हा चिनी सॉस निपाणीच्या बाजारात कुणाला ठाऊक नाही. आणि मागच्या खेपेला केलंत तेव्हा वरून कोळसा झाला, आतून कच्चं राहिलं.

आधी त्या कोळशाचं सांगतो. बाकी सगळं थोडं इकडंतिकडं झालं तरी खपून जातं, हे एक खपत नाही. तुम्ही मध मुरवणीतच घातला असणार, आणि सढळ हातानं. लेगपीसचं मांस आतपर्यंत शिजायला २०-२५ मिनिटं लागतात. मधातली साखर तेवढा वेळ थांबत नाही, निम्म्या वेळातच काळी पडते. मग वरचा रंग बघून आपण घाबरून बाहेर काढतो आणि आत हाडाजवळ गुलाबी दिसतं. म्हणून गोड दोनदा घालायचं: मुरवताना थोडं, नुसतं चवीपुरतं, आणि चिकन शिजल्यावर, अगदी शेवटच्या दहा मिनिटांत, पातळ पातळ हात देऊन.

मूळचे लोकही तसंच करतात. हा पदार्थ दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातला आणि हाँगकाँगचा. तिकडं त्याला चार सिउ म्हणतात आणि तो असतो डुकराच्या मांसाचा. मांसाच्या लांब पट्ट्या मसाल्यात मुरवून उभ्या भट्टीत आकड्यांना टांगून भाजतात आणि शेवटी वरून माल्टोजचा, म्हणजे धान्यापासून केलेल्या साखरेचा, दाट पाक चढवतात. चकाकी येते ती या पाकानं. चिकनमध्ये मांस बदललं, रीत तीच. टांगल्यामुळं चारी बाजूंनी कोरडी गरम हवा लागते, म्हणून ओटीजीतही, म्हणजे आपल्या विजेच्या छोट्या ओव्हनमध्येही, तुकडे जाळीवर ठेवा, ट्रेमध्ये नको. ट्रेमध्ये ते स्वतःच्याच पाण्यात उकडतात. खालच्या ट्रेमध्ये मात्र दोन वाट्या पाणी ओतून ठेवा. टपकणारा गोड रस त्यात पडतो, नाहीतर जळून घरभर धूर होतो.

माल्टोज किराणा दुकानात मिळणार नाही, शोधूही नका. तुम्ही उसाच्या पट्ट्यात राहता ओ! काकवी आणा. गुऱ्हाळं चालू असताना कागल बाजूला जा नाहीतर चिकोडी बाजूला, कुठंही मिळते. एरवी बाटलीतली चालते. काकवी मधासारखी भसकन गोड लागत नाही, दाट असते, चिकनला धरून राहते आणि रंगही तांबूस देते. माझ्या मते तर ती मधापेक्षा सरसच. मधाचा स्वतःचा वास लसूण आणि सोयाबरोबर नीट नांदत नाही. काकवी नसेल तर गूळ थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून, दाटसर आटवा. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मध त्याला कुठल्याच रूपात द्यायचा नसतो. त्याचीही चिंता मिटली.

आता हॉइसिन. तो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा, लसूण आणि साखर घातलेला दाट सॉस. सोयाबीन आपल्याकडं पोत्यानं पिकतं, पण नुसतं उकडून वाटल्यानं आंबवल्याची चव येत नाही. तो उद्योग करू नका. ती चव बाटलीतल्या सोया सॉसमध्ये आयती असते. कमी पडतो तो दाटपणा, आणि त्याला आपले पांढरे तीळ पुरेत: खमंग भाजून, थोडं तेल घालून गुळगुळीत वाटायचे. चिनी स्वयंपाकातलं तिळाचं तेल भाजलेल्या तिळाचं असतं, म्हणून त्याला तो वास. आपलं तेल तसं नसतं. भाजलेल्या तिळाच्या वाटणानं ती उणीवही भरून निघते.

मसाल्याच्या बाबतीत मात्र हात आवरा. कांदा-लसूण मसाला नको, गरम मसाला नको, दगडफूल तर नकोच. दही आणि लिंबूही नको. घातलंत तर तंदुरी होईल, वाईट नाही होणार, पण पोरं म्हणतील हे ते नव्हे. चिनी पाच मसाल्यांच्या पुडीत साधारणपणे असतं चक्रीफूल, बडीशेप, दालचिनी, लवंग आणि सिचुआन मिरी. पहिले चार तुमच्या डब्यात आहेत. पाचव्याचा सख्खा भाऊ आपल्याकडं कोकणात आणि गोव्यात माशाच्या आमटीत पडतो: तिरफळ. दोन्ही एकाच कुळातली झाडं, जिभेला तशीच झिणझिणी. बेळगावातून कोकणात आणि गोव्यात जाणं-येणं असणाऱ्यांच्या घरी मूठभर तिरफळं सापडतातच. आतली काळी बी काढून फक्त साल घ्यायची. दोन चक्रीफुलं, दोन छोटे चमचे बडीशेप, दोन इंच दालचिनी, सहा लवंगा आणि चार-पाच तिरफळांची साल मंद आचेवर कोमट होईपर्यंत भाजून बारीक पूड करा. दीड किलोला त्यातली दीड छोटा चमचा बास. चक्रीफूल जास्त झालं तर बिर्याणीचा वास मारतो.

रंगाबद्दल थोडं लांबण लावतो, कारण तुम्ही विचारलंय की लाल पुडी घालू का. घालू नका. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंच्युरियन आणि बुढ्ढी के बाल यांत कृत्रिम रंग वापरायला बंदी केली, कारण तपासलेल्या नमुन्यांत रोडामाइन-बी सापडलं होतं. ते कापड रंगवायचं रसायन. जूनमध्ये चिकन आणि माशाच्या कबाबांचाही नंबर लागला. चिनी लोक पूर्वापार लाल बुरशीवर आंबवलेला तांदूळ किंवा लाल आंबवलेलं टोफू (सोयाबीनचं पनीर) वापरून रंग आणत आले. आपल्याला इतकं लांब जायची गरज नाही, हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी मिरची आहे. रंग भरपूर, तिखटपणा बेताचा. सात-आठ ब्याडग्या बिया झटकून कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि अगदी गुळगुळीत वाटा. संकेश्वरी मात्र यात घालू नका. ती तिखट जाळ आहे, तिचं काम पुढं येतं. हा रंग हॉटेलसारखा भडक गुलाबी-लाल दिसणार नाही, विटकरी-तांबडा दिसेल. काकवी चढल्यावर तोच जास्त भूक लावतो, असं माझं प्रामाणिक मत.

चिकन ब्रेस्टचं घेऊ नका. ते सुकतं आणि गोड पाकाखाली भुसा लागतं. चिकन सेंटरवाल्याला लेगपीसची हाडं काढून द्यायला सांगा, जमलं तर कातडीसकट. आठ माणसांना भात बरोबर असेल तर दीड किलो बोनलेस पुरतं. त्यासाठी हाडांसकट सव्वादोन किलोच्या आसपास घ्यावं लागेल. तुकडे छोटे करायचे नाहीत, मांडीचा अख्खा पसरट तुकडा ठेवायचा, जाड जागी सुरीनं दोन चिरा.

दीड किलोला मुरवण असं: लाइट सोया सहा मोठे चमचे, डार्क सोया दीड, किसलेला गूळ तीन, तिळाचं वाटण दीड, मिरचीचं वाटण सगळं, दहा-बारा लसूण पाकळ्या आणि इंचभर आलं वाटून, मसाल्याची पूड, दोन चमचे साधं तेल. गोव्याहून आलेली एखादी बाटली घरात असेल तर दोन चमचे रम. मुळात चिनी तांदळाची दारू घालतात, नसली तरी अडत नाही. वेगळं मीठ नको, सोयात ढीगभर असतं. सगळं चोळून फ्रिजमध्ये शनिवारी रात्री ठेवलंत तरी चालेल. आंबट काही नसल्यामुळं मांस लिबलिबीत होत नाही.

रविवारी भाजायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा. ओटीजी २०० अंशांवर १५ मिनिटं आधी तापवायचा, दोन्ही रॉड चालू. मुरवणीचा जाड थर निपटून टाका आणि तुकडे जाळीवर सुटे सुटे मांडा. लहान ओटीजीत एका वेळी पाच-सहा तुकडेच बसतील. कोंबून भरलंत तर परत उकडतील. तीन घाणे लागतील, संध्याकाळी सहालाच सुरुवात करा. २० ते २५ मिनिटं, मध्ये एकदा उलटायचं. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर जाड जागी टोचून ७४ अंश आले की शिजलं. मांडीचं मांस ८० पर्यंत गेलं तरी उलट जास्त मऊ लागतं. थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड तुकडा मधोमध कापूनच बघा. वरच्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही, सोया आणि मिरचीमुळं तो पहिल्या दहा मिनिटांतच शिजल्यासारखा दिसायला लागतो.

इथपर्यंत चिकन कोरडं, मळकट दिसेल. निराश होऊ नका. चार चमचे काकवी, एक चमचा सोया आणि एक चमचा पाणी एक उकळी आणून कोमट ठेवलेलं असू दे. आता फक्त वरचा रॉड, २३० अंश. पातळ हात फिरवा, तीन-चार मिनिटं; उलटून दुसऱ्या बाजूला तसंच; मग वरच्या बाजूला आणखी एक हात. या वेळात फोन उचलायचा नाही, पाहुण्यांना दार उघडायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. पाकाला बारीक बुडबुडे आले आणि कडा किंचित काळपट झाल्या की बाहेर. त्या काळपट कडा हव्यातच, चव तिथंच आहे. तिन्ही घाणे आधी नुसते शिजवून ठेवलेत आणि पाकाचा हात पानं मांडताना दिलात तर सगळ्यांना गरम मिळेल. मधल्या वेळात शिजलेलं चिकन ज्या भांड्यात कच्चं मुरवलं होतं त्यात परत ठेवू नका. उरलेलं मुरवणही वरून तसंच ओतायचं नाही; वापरायचंच असेल तर पाणी घालून पाच मिनिटं खळखळून उकळा.

करंट गेला तर घाबरायचं कारण नाही, बीडाचा तवा काढा. थोड्या तेलावर, मध्यम आचेवर, झाकण ठेवून एका बाजूनं सात-आठ मिनिटं आणि दुसऱ्या बाजूनं तेवढीच. शिजल्याची खात्री झाली की झाकण काढून पाणी आटू द्या, मग काकवीचा पाक ओतून दोन मिनिटं घोळवा. ओटीजीतल्यासारख्या करपलेल्या कडा येत नाहीत, चकाकी मात्र येते. कोळशाची शेगडी असेल तर सर्वांत उत्तम. निखाऱ्यांवर पांढरी राख धरल्यावरच जाळी ठेवा आणि पाक लावल्यावर जाळी वर उचला. पावसाळ्यात गच्चीवर हे जमत नाही हे तुम्हाला सांगायला नकोच.

सासूबाईंसाठी आता संकेश्वरी. चार-पाच मिरच्या आणि सहा लसूण पाकळ्या जाडसर कुटून वाटीत घ्या, चिमूटभर मीठ आणि चमचाभर भाजलेले तीळ घाला, वर कडकडीत तेल ओता. चुर्र झालं की चमचाभर सोया आणि थोडा व्हिनेगर. त्यांच्या पानात चिकनवर हे वाढा. अख्ख्या चिकनला तिखट करून पोरांचं जेवण बिघडवण्यापेक्षा हे बरं.

सासऱ्यांचं पनीर सगळ्यात आधी, स्वच्छ जाळीवर भाजून बाजूला काढा. माळकरी असल्यानं लसूणही चालत नसेल तर त्यांच्या मुरवणीत आलं दुप्पट घाला, रम सोडून बाकी सगळं तेच. जाड वड्या, १२ मिनिटं, मग पाक. ब्रश वेगळा, आणि पाकही वेगळ्या वाटीत काढून ठेवा, एकदा चिकनला लागलेला ब्रश त्यात बुडाला की तो गेला.

भाजून झाल्यावर पाच-सात मिनिटं थांबा, मग धाग्यांना आडवं कापून बोटाच्या जाडीचे काप करा. हाँगकाँगात हे साध्या पांढऱ्या भातावर, बाजूला उकडलेली पालेभाजी ठेवून खातात. फ्राइड राइसचा घाट घालू नका, सोयावर सोया होतं. मोकळा भात, काकडीच्या चकत्या, कांद्याची पात आणि ट्रेमधल्या पाण्यात पडलेला रस आटवून वरून दोन चमचे. तो रस चाखून बघा आधी, कधी कधी खारट होतो. आणि दोन-चार काप आधीच झाकून बाजूला ठेवा. सोमवारी उपास नसेल तर पोरांच्या डब्याला चपातीत गुंडाळून देता येतील, फ्रिजमध्ये ठेवून सकाळी तव्यावर चांगले गरम करून.