‘ती सगळी तसलीच’ म्हणणारा वर्ग

प्रश्न : आमच्या सोलापूरच्या शाळेत सातवीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुलं आहेत. एकमेकांबद्दल ‘ती सगळी तसलीच’ म्हणतात. काय करावं?

उत्तर : आपल्या गटातली माणसं वेगवेगळी दिसतात, परका गट मात्र एकाच साच्यातला वाटतो. म्हणून एकाने केलेली खोडी सगळ्यांच्या नावावर जाते. ‘आपण सगळे एकच’ असं नुसतं बजावू नका. आपली ओळख पुसली जातेय असं वाटलं, तर मुलं उलट आणखी दुरावू शकतात.

मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांत वापरलेली पद्धत करून बघा. पाच-सहा मुलांचे मिश्र गट करा. धड्याचे तेवढेच भाग पाडून प्रत्येकाला एकच द्या. एकाच भागाची मुलं आधी एकत्र बसून तयारी करतील, मग आपापल्या गटात परतून शिकवतील. चाचणी मात्र ज्याची त्याची, पूर्ण धड्यावर. इथेच एकमेकांची गरज पडते!

बिघडतं ते तयारीच्या वेळी. ती कापली, तर मराठीत अडखळणारं मूल गटापुढे गडबडतं आणि जुना शिक्का पक्का होतो. त्याला आधी घरच्या भाषेत समजून घेऊ द्या. एखाद्या तासाने फरक पडणार नाही; काही आठवडे तेच गट ठेवा.