दूध बाधतं, दही चालतं, मग गोळी कुठली?

तुम्ही लिहिलंय की लहानपणी पेलाभर दूध सहज पचायचं, आता पस्तिशीत तासा-दोन तासांत पोट फुगतं, गुडगुडतं, कधी जुलाब होतात. दही मात्र चालतं. महिनाभर एन्झाइमच्या गोळ्या घेऊनही फरक नाही.

त्या गोळ्यांनी फरक पडणं अवघडच होतं. गोळीचं पाकीट उलटं करून वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच पाचक गोळ्यांत डायस्टेज आणि पपेन किंवा पेप्सिन असतं. डायस्टेज भात-पोळीतला स्टार्च तोडतं, बाकीची दोन प्रथिनं तोडतात. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, यांपैकी कुणीच तोडत नाही. एन्झाइम, म्हणजे शाळेत आपण ज्यांना विकरं म्हणायचो, त्या प्रत्येकाला एक खाच असते. त्या खाचेत बसेल तोच रेणू तुटतो, तुकडे सुटतात आणि तेच विकर पुढचा रेणू धरतं. लॅक्टोजसाठी लॅक्टेज हेच विकर हवं. ते लहान आतड्याच्या अस्तरावर असतं आणि जगातल्या बहुसंख्य माणसांत बालपणानंतर कमी होत जातं. म्हणून याला आजार समजू नका.

पेलाभर गाईच्या दुधात साधारण १० ग्रॅम लॅक्टोज असतं. न तुटलेलं लॅक्टोज आतड्यात पाणी ओढतं, पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि वायू तयार होतो. दूध उकळून किंवा हळद घालून लॅक्टोज तुटत नाही.

मलाही हाच त्रास आहे. एकदा लॅक्टेजचे थेंब घालून दूध रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी चमचाभर चाखलं तर साखर न घालता चक्क गोड! लॅक्टोज फारसं गोड नसतं, पण तुटून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज झालं की गोडी वाढते. इतकी वर्षं हा विषय शिकवूनही ती चव लागली तेव्हा मला फार आनंद झाला होता.

दह्यात विरजणातले जिवाणू थोडं लॅक्टोज आधीच संपवतात, शिवाय त्यांचं स्वतःचं विकर तुमच्या आतड्यात पोचून काम करतं. कढी उकळली की ही दुसरी मदत जाते. चक्क्यातलं बरंचसं लॅक्टोज निवळीबरोबर गळून जातं. खवा, पेढे, बासुंदी मात्र जपून खा, दूध आटवलं तरी लॅक्टोज तिथेच राहतं.

दूध पूर्ण सोडू नका. अर्धा कप जेवणासोबत घेऊन बघा, अनेकांना तेवढं सोसतं. गोळी घ्यायचीच तर लॅक्टेजची, आणि दुधाच्या पहिल्या घोटाबरोबर, कारण तिला दुधासोबतच आतड्यात पोचायचं असतं. वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर घरचे प्रयोग थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा. लॅक्टेजच्या कमतरतेने तसं होत नाही.