सफरचंदाच्या कुकीज पहिल्यांदा करताना

अगं, कुकीज पसरल्या म्हणून ओव्हनला नावं ठेवू नकोस, घोळ सफरचंदाच्या पाण्याचा आहे. मंडईतलं रसाळ सफरचंद किसलंस की मुठीत घट्ट पिळून घे. दोन-तीन चमचे रस सहज निघतो, तो पिऊन टाक! मैदा घातल्यावर फेटत बसायचं नाही, कुकीज चिवट होतात.

१८० अंशांवर १०-१२ मिनिटं पुरे. कडा सोनेरी दिसल्या आणि मधे बोट टेकवल्यावर मऊ लागलं, की बाहेर. गरम ट्रेवर त्या आणखी शिजतात. ‘अजून दोनच मिनिटं’ करत माझ्या पहिल्या घाण्याची खुटखुटीत बिस्किटं झाली होती.

फ्रॉस्टिंग, म्हणजे वरून लावायचं बटरचं क्रीम, कुकीज पूर्ण गार झाल्यावरच. त्यातलं बटर मऊ हवं, वितळलेलं नको. पुण्यातल्या एप्रिलमध्ये फ्रॉस्टिंगची वाटी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेव. नोझल (क्रीम पिळायचं टोक), डिझाइन वगैरे नंतर बघू. सध्या चमच्याने फासलंस तरी चालेल.