तोरवीचे आदिलशाही पाण्याचे भुयार आतून पाहता येते का?

विजापूरला पाणी पुरवणाऱ्या तोरवीच्या भुयारात उतरता येते का आणि परवानगी कोणाकडे मागावी, असे आपण विचारले आहे. मी अथणीचा; या भुयाराच्या वाटेवरून मी दोनदा चाललो आहे, पण जमिनीवरूनच.

पर्यटकांना आत उतरण्याची सोय नाही, आणि कोणी दोर लावून सोडतो म्हणाले तरी कृपया उतरू नका. काठ ढासळण्याची भीती आहेच, पण त्याहून मोठी भीती कोंडलेल्या हवेची आहे. जुन्या विहिरीचा गाळ काढायला उतरलेली माणसे कशी दगावतात हे आपल्या भागात वेगळे सांगायला नको.

तरीही अवश्य जा, कारण ही रचना वरूनच अधिक चांगली समजते. तोरवी शहराच्या पश्चिमेला पाच-सहा किलोमीटरवर आहे. सोळाव्या शतकात, पहिल्या अली आदिलशहाच्या काळात, वाढत्या राजधानीसाठी तिकडचे पाणी भुयारातून केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणले गेले. भुयाराच्या माथ्यावर अंतराअंतराने विहिरीसारखी तोंडे आहेत. पुण्यात कात्रजच्या नळावर ज्यांना उच्छ्वास म्हणतात, तीच ही. त्यांतूनच हवा खेळती राहत असे आणि गाळ काढायला माणूस उतरत असे. एक तोंड सापडले की शहराच्या रोखाने पुढचे शोधायचे. मी एका बांधावर अडलो, तेव्हा तिथल्या आजोबांनी ‘बावी, बावी’ (कन्नडमध्ये विहीर) म्हणत पुढच्या तोंडाकडे बोट दाखवले आणि सगळी रेघ माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

शहरात गंज, म्हणजे पाण्याच्या वाटेवरचे जुने दगडी मनोरे, पाहायला विसरू नका. मुहम्मद आदिलशहाने 1651 मध्ये बांधलेल्या बेगम तलावाचे पाणी चुन्यात बसवलेल्या खापरी नळांतून येत असे. नळातला दाब वाढून तो फुटू नये म्हणून वाटेत हे दगडी मनोरे उभारले. पाणी त्यांत वर चढे, दाब मोडे, गाळ तळाशी बसे आणि मग ते पुढे जाई. मला स्वतःला गोलघुमटापेक्षा या गंजांचे अधिक अप्रूप वाटते.

अभ्यासासाठी आत जाणे खरोखरच आवश्यक असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या धारवाड मंडळाकडे आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडे हेतू स्पष्ट लिहून अर्ज करा. तोंडे शेतात असतील तिथे मालकाला आधी विचारा, आणि शक्यतो शाळूची काढणी झाल्यावर, होळीच्या सुमारास जा, म्हणजे उभे पीक तुडवले जाणार नाही. पहिल्या खेपेला मी वाकून पाहिलेले एक तोंड दुसऱ्या खेपेला कचऱ्याने भरलेले दिसले, आणि ते पाहून मला फार वाईट वाटले. म्हणून जे जे तोंड दिसेल त्याचे छायाचित्र आणि ठिकाण टिपून ठेवा, आणि अर्जासोबत तेही जोडा.